सोपा केलेला फोन कोठवर सोपा राहतो

खानापूर व आटपाडी तालुक्यांतील गलाईचा व्यवसाय करणारी घराणी दक्षिणेपासून बंगालपर्यंत पसरलेली आहेत, सातारा तालुक्यातील अपशिंग्यासारख्या गावांनी पिढ्यान्‌पिढ्या पलटणीला माणसे दिली आहेत, आणि कराड, कोरेगाव, तासगाव, जत या बाजूच्या तरुण मंडळींनी पुण्या-मुंबईत बिऱ्हाडे केली आहेत. अशा या सातारा व सांगली जिल्ह्यांत मागे राहिलेल्या आईवडिलांच्या हाती, दिवाळीला किंवा गावच्या यात्रेला आलेला मुलगा नवा स्मार्टफोन ठेवतो, त्यातील ‘इझी मोड’, ‘सिम्पल मोड’ किंवा ‘लाइट मोड’ अशा नावाची सोय चालू करतो, अक्षरे मोठी आणि चित्रे ठळक झालेली पाहून निश्चिंत होतो व दुसऱ्या दिवशीच्या एस.टी.ने परततो. त्याच्या सद्भावनेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु ती सोय नेमके काय करते आणि काय करीत नाही, याची पुरती माहिती नसल्यामुळे, ज्या कामासाठी तो फोन दिला ते काम अनेकदा अडूनच राहते, आणि वडीलधारे मात्र ‘आपल्यालाच जमत नाही’ असे मनाशी धरून बसतात. हा दोष त्यांचा नव्हे, हे प्रथम स्पष्टपणे सांगणे मला आवश्यक वाटते. आणि मग त्यावर तजवीज कोणती करावी, ते तपशीलवार सांगावयाचे आहे.

सॅमसंगच्या फोनमध्ये सेटिंग्जमधील ‘डिस्प्ले’ या सदरात इझी मोड असतो. तो चालू केला म्हणजे मुख्य पडद्यावरील चित्रे व अक्षरे मोठी होतात, बोट दाबून धरण्याची मुदत वाढते, आणि टंकफलक अधिक ठसठशीत रंगांचा होतो. इतर कंपन्यांच्या फोनमध्ये याच धर्तीची सोय वेगवेगळ्या नावांनी आढळते, आणि कोठे कोठे त्या कंपनीचे स्वतःचे फोन, संदेश व संपर्क हे विभागही मोठ्या अक्षरांत दिसू लागतात. परंतु येथपर्यंत आल्यावर तिची सत्ता संपते. जुन्या वाड्याचा दिंडी दरवाजा रुंद करून घेतला, तरी आतल्या चौकातील उंबरठे, अंधारे जिने आणि वाकून जावे लागणारी माजघराची चौकट जशीच्या तशी राहावी, तसे हे आहे. बँकेचे ॲप, आधारचे ॲप, शेतीचे ॲप ही प्रत्येकी वेगळ्या कारागिराने बांधलेली दालने आहेत. फोनच्या कंपनीने मुख्य पडद्यापुरता काढलेला हुकूम तेथे चालत नाही.

अक्षरांचा आकार हीच गोष्ट उदाहरणादाखल घ्या. ॲण्ड्रॉइडच्या 2023 मध्ये आलेल्या चौदाव्या आवृत्तीपासून अक्षरे दुपटीपर्यंत मोठी करता येतात, आणि मोतीबिंदू किंवा वयोमानाने दृष्टी मंदावलेल्या माणसाला हा मोठाच आधार आहे. तथापि ॲप बांधणाऱ्याने जर आपल्या बटणाची उंची कायमची ठरवून ठेवली असेल, तर मोठे झालेले अक्षर त्या चौकटीत मावत नाही. रोमन लिपीत त्याचा थोडासा कडेचा भाग जातो, परंतु देवनागरीत वरची वेलांटी, मात्रा, रफार आणि खालचा उकार हेच प्रथम कापले जातात, आणि ज्या चिन्हांवर शब्दाचा अर्थ अवलंबून तीच दृष्टिआड होतात. शिवाय अक्षरे मोठी झाली की पडद्यावर ओळी कमी मावतात आणि ‘पुढे’ किंवा ‘सादर करा’ हे बटण पडद्याच्या खाली सरकते. खाली सरकवल्यावर ते सापडेल हे ज्याला ठाऊक नाही, त्याच्या दृष्टीने ते बटण अस्तित्वातच नसते. या कारणास्तव माझी पहिली शिफारस अशी की, अक्षरे एकदम कमाल आकारावर नेऊन ठेवू नयेत. एकेक पायरी वाढवीत जावे, आणि प्रत्येक पायरीवर नित्य वापरातील ॲप उघडून त्यातील सर्व बटणे दिसतात की नाही, हे पाहून मग थांबावे. फोनमध्ये ‘अक्षरांचा आकार’ आणि ‘डिस्प्लेचा आकार’ या दोन स्वतंत्र सोयी असतात. दोन्ही मध्यम ठेवल्याने पुष्कळदा जे साधते, ते एकच कमाल केल्याने साधत नाही. जेथे तेवढ्यानेही भागत नाही तेथे ‘मॅग्निफिकेशन’, म्हणजे पडद्याचा हवा तो भाग तात्पुरता मोठा करून पाहण्याची सोय, शिकवून ठेवावी; कारण ती ॲपच्या बांधणीवर अवलंबून नसते.

आता ज्या कामात ही अडचण सर्वांत तीव्रतेने जाणवते, त्या हयातीच्या दाखल्याकडे वळू. रयत शिक्षण संस्थेच्या शाळांतून निवृत्त झालेले शिक्षक, साखर कारखान्यांतून निवृत्त झालेले कामगार, कृष्णाकाठच्या गावांतील माजी सैनिक आणि वीरपत्नी, या सर्वांना आपण हयात असल्याचे दरसाल सिद्ध करावे लागते. केंद्र सरकारने 10 नोव्हेंबर 2014 रोजी ‘जीवन प्रमाण’ ही योजना सुरू केली, आणि नोव्हेंबर 2021 पासून चेहऱ्याच्या ओळखीने घरबसल्या दाखला देण्याची सोय झाली. उसाच्या फडात किंवा हळदीच्या रानात राबून ज्यांच्या बोटांच्या रेषाच झिजल्या आहेत, आणि ज्यांचा अंगठा यंत्रावर उमटत नाही, त्यांच्या दृष्टीने ही सोय खरोखर उपकारक आहे. परंतु ती वापरण्यासाठी फोनमध्ये दोन ॲप असावी लागतात: एक जीवन प्रमाणचे, दुसरे आधारच्या चेहरा-ओळखीचे. या दुसऱ्या ॲपचे चित्र पडद्यावर दिसत नाही. ते पहिल्या ॲपच्या हाकेला पडद्यामागून उत्तर देते. त्यानंतर फोन चालविणाऱ्याची, म्हणजे ऑपरेटरची, ओळख आधी पटवावी लागते. तेथे ई-मेलचा पत्ता, मोबाइल क्रमांक व ओटीपी लागतो. आणि मग निवृत्तिवेतनधारकाचा तपशील भरून, चेहरा वर्तुळात धरून पापण्यांची उघडझाप करावी लागते. या साखळीतील एकही दुवा इझी मोडने सोपा होत नाही. उलट, ओटीपीचा संदेश मोठ्या अक्षरांत पडद्याच्या वरच्या बाजूस क्षणभर डोकावून नाहीसा होतो, तो पाहण्यासाठी ॲप सोडून संदेशात जावे तर परत येण्याची वाट सापडत नाही, आणि तोवर ओटीपीची मुदत संपते.

यासाठी पुढीलप्रमाणे व्यवस्था ठेवावी, असे मी सुचवीन. ऑपरेटरची भूमिका मुलाने, सुनेने किंवा शेजारच्या विश्वासू तरुणाने आपल्या फोनवरून घ्यावी. आजोबांच्या फोनवरूनच दाखला निघाला पाहिजे, असा काही नियम नाही. चेहरा उजेडाकडे असावा, पाठीमागे खिडकी नसावी, चष्मा काढून पाहावा. दाखला स्वीकारला गेल्याचा संदेश आल्यावाचून काम झाले असे समजू नये, आणि त्या दाखल्याचा क्रमांक वहीत उतरवून ठेवावा. कर्मचारी भविष्यनिर्वाह निधीच्या 1995 च्या योजनेखाली निवृत्तिवेतन घेणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की त्यांचा दाखला दिल्या तारखेपासून वर्षभर चालतो, म्हणून त्यांना नोव्हेंबरच्या गर्दीत सापडण्याचे कारणच नाही. आणि हे सर्व जेथे शक्य नाही तेथे संकोच न करता पोस्टमनला सांगावे: इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेने नोव्हेंबर 2020 पासून घरी येऊन हा दाखला काढून देण्याची सेवा सुरू केली, आणि तिचे शुल्क त्या वेळी 70 रुपये ठरविण्यात आले. राज्य सरकारच्या निवृत्तांना बँकेतील यादीवर सही करण्याचा जुना मार्गही आहेच. फोनवरून होत नाही, म्हणजे होतच नाही, अशी समजूत घरात रुजू देऊ नये.

ई-पीक पाहणीचे असेच. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर लागू झालेल्या या पद्धतीत शेतकऱ्याने स्वतः बांधावर उभे राहून, खाते व गट क्रमांक निवडून, पिकाचा फोटो काढून सातबाऱ्यावरील नोंद करावयाची असते. भर उन्हात काळवंडलेला पडदा, मंदावलेले नेट, लांबलचक यादीतून निवडावयाचे पिकाचे नाव आणि जागेची परवानगी मागणारी चौकट, या चारही गोष्टींपुढे मुख्य पडद्यावरची मोठी चित्रे निरुपयोगी आहेत. पडद्याचा प्रकाश आपोआप वाढण्याची सोय चालू ठेवणे, जागेची व कॅमेऱ्याची परवानगी घरीच आधी देऊन ठेवणे आणि खाते क्रमांकाची नोंदणी घरच्या नेटवर उरकून मगच रानात जाणे, एवढ्याने अर्धे काम हलके होते. उरलेल्यासाठी गावाला नेमलेला सहाय्यक किंवा पूर्वी ज्यांना आपण तलाठी म्हणत होतो ते ग्राम महसूल अधिकारी आहेत. मुदत संपण्याच्या आधीच त्यांना गाठावे.

मुळात चूक होते ती अशी की, ‘वय झाले’ या एकाच शब्दात आपण पुष्कळ निरनिराळ्या उणिवा कोंबतो, आणि त्या सर्वांवर एकच मात्रा देतो. ज्यांची दृष्टी मंद आहे त्यांचे दुखणे वेगळे, ज्यांचा हात कापतो त्यांचे वेगळे, ज्यांना ऐकू कमी येते त्यांचे वेगळे, आणि ज्यांचे विस्मरण वाढत चालले आहे त्यांचे तर अगदीच वेगळे. प्रामाणिकपणे सांगावयाचे तर, साधा केलेला पडदा या शेवटच्या वर्गालाच सर्वांत उपयोगी पडतो. कारण तेथे पर्याय कमी करणे हाच उपाय असतो. हात कापणाऱ्याला त्याहून अधिक गरज असते ती ‘ॲक्सेसिबिलिटी’ या सदरातील स्पर्शाच्या सोयींची: किती वेळ टेकलेले बोट खरे मानावे, आणि लागोपाठ झालेले दोन स्पर्श एकच समजावे की काय, हे सॅमसंगच्या फोनमध्ये ठरवून देता येते, आणि त्यामुळे थरथरत्या बोटाने नको तेथे फोन लागण्याचा मनस्ताप टळतो. ज्यांना ऐकू कमी येते, त्यांच्यासाठी गूगलचे ‘लाइव्ह ट्रान्सक्राइब’ समोरच्याचे मराठी बोलणे अक्षरांत उमटवून दाखविते. आणि ज्यांना टंकन जमत नाही, त्यांना टंकफलकावरील मायक्रोफोनच्या चित्राला स्पर्श करून मराठीत बोलण्याची सवय लावावी, कारण 2017 पासून गूगलच्या टंकफलकाला मराठी बोलणे कळते. माणदेशी किंवा जतकडच्या बोलीतील काही शब्द त्यास उमगत नाहीत, हे खरे. तरी निरोप पोहोचण्याइतके तरी उमटते. यातील एकही सोय इझी मोड चालू केल्याने आपोआप चालू होत नाही, म्हणूनच ती मुद्दाम सांगावी लागते.

अंध वाचकांच्या बाबतीत तर मोठ्या चित्रांचा काही संबंधच उरत नाही. त्यांचा आधार म्हणजे ‘टॉकबॅक’, जे बोटाखाली आलेला मजकूर वाचून दाखविते आणि दोनदा टकटक केल्यावर तो निवडते. ते मराठीत बोलते. पण ज्या मजकुरात वाचण्याजोगी अक्षरेच नाहीत तो ते वाचणार कसा? आपल्याकडील पुष्कळ परिपत्रके, निमंत्रणे आणि ग्रामपंचायतीच्या सूचना फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकलेल्या असतात. आणि जुन्या पद्धतीच्या, म्हणजे युनिकोडपूर्व, मराठी टंकांत तयार केलेल्या पीडीएफ डोळ्यांना देवनागरी दिसल्या तरी यंत्राच्या दृष्टीने ती रोमन अक्षरांची निरर्थक माळ असते. येथे सेवेची जबाबदारी लिहिणाऱ्यावर येते. सोसायटीचे सचिव, पतसंस्थेचे व्यवस्थापक, शाळांचे मुख्याध्यापक यांना माझी कळकळीची विनंती आहे की, सूचना युनिकोडमध्ये टंकून मजकूर म्हणूनच पाठवावी, आणि फोटो पाठविलाच तर त्याखाली चार ओळी लिहाव्यात. त्यास पैसा लागत नाही.

आयफोन वापरणाऱ्यांसाठी ॲपलने सप्टेंबर 2023 मध्ये, सतराव्या आवृत्तीबरोबर, ‘असिस्टिव्ह ॲक्सेस’ आणले. बौद्धिक अक्षमता असणाऱ्यांचा विचार करून रचलेली ही सोय वर सांगितलेल्यांपेक्षा अधिक खोलवर जाते: फोन, संदेश, कॅमेरा, फोटो ही दालनेच नव्याने बांधलेली आहेत, कोणाशी बोलता येईल ते घरच्यांना ठरविता येते, आणि मागे जाण्याचे बटण सदैव एकाच जागी असते. मात्र बाहेरची बहुतेक ॲप त्यातही आपापल्या मूळ अवघड रूपातच उघडतात, आणि त्यातून बाहेर पडण्यास बाजूचे बटण तीनदा दाबून सांकेतिक क्रमांक द्यावा लागतो. तो क्रमांक जर केवळ बंगळुरात बसलेल्या मुलालाच ठाऊक असेल, तर अडीअडचणीला आलेला शेजारीही हतबल होतो. तो घरातील आणखी एका विश्वासू माणसाजवळ असलाच पाहिजे.

एका गोष्टीविषयी मला विशेष गांभीर्याने लिहावयाचे आहे. ॲण्ड्रॉइडमध्ये ‘ॲक्सेसिबिलिटी’ची परवानगी ही दिव्यांगांच्या साहाय्यासाठी निर्माण झाली, ती ज्या ॲपला मिळते, त्यास पडद्यावरील मजकूर वाचता येतो आणि आपल्या वतीने बटणेही दाबता येतात. नेमक्या याच अधिकाराचा भामट्यांनी दुरुपयोग चालविला आहे. लग्नपत्रिका किंवा वाहनाच्या दंडाची पावती म्हणून व्हॉट्सॲपवर येणारी ‘एपीके’ फाइल उघडली, तिने मागितलेली परवानगी दिली, की ओटीपीसह सर्व व्यवहार परक्याच्या हाती जातो. म्हणून बाहेरून आलेले ॲप कोणत्याही परिस्थितीत बसवू नये. ‘ज्येष्ठांसाठी सोपा पडदा’ अशी जाहिरात करणारी अनोळखी ॲप घेतानाही ती संदेश व संपर्क वाचण्याची परवानगी का मागतात, हे विचारावे. फसवणूक झालीच तर क्षणाचाही विलंब न करता 1930 या क्रमांकावर कळवावे. या भीतीचा दुसरा परिणाम असा की, काही बँकांची ॲप अशी परवानगी घेतलेले कोणतेही साहाय्यक ॲप फोनमध्ये दिसले, की उघडण्याचेच नाकारतात. त्या वेळी आजीचे साहाय्यक ॲप काढून टाकण्याआधी बँकेच्या शाखेत लेखी अर्ज द्यावा; कारण ज्या साधनावाचून तिला वाचता येत नाही, तेच काढून घेऊन तिला सुरक्षित करणे हा न्याय नव्हे.

आणि न्यायाच्या बाजूला आता कायदाही उभा आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मध्ये माहिती-तंत्रज्ञानाच्या सुलभतेची तरतूद आहे. सर्वोच्च न्यायालयाने 30 एप्रिल 2025 रोजी, प्रज्ञा प्रसून विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात, डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा अधिकार हा घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचा निर्णय दिला. पापण्या मिटता न येणाऱ्यांसाठी ओळख पटविण्याचे अन्य मार्ग ठेवावेत, कागदोपत्री केवायसीची सोय चालू ठेवावी आणि यंत्राने नाकारलेल्या अर्जाची माणसाकडून फेरतपासणी व्हावी, असेही निर्देश दिले. रिझर्व्ह बँकेने 9 नोव्हेंबर 2017 रोजी सत्तर वर्षांवरील तसेच दिव्यांग व आजारी ग्राहकांना रोख रक्कम, केवायसी व हयातीचा दाखला या सेवा घरपोच देण्याविषयी बँकांना सूचना केलेली आहे. शाखेत जाऊन ‘ॲपवर करा’ असे उत्तर मिळाले, तर या दोन्ही तारखांचा उल्लेख करून अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी.

पूरकाळाची तयारी मात्र आधीच करून ठेवावी लागते. सांगलीत 2005, 2019 आणि 2021 साली कृष्णेने जे दाखविले ते कोणी विसरलेले नाही. कोयनेतून विसर्ग वाढल्याचे आणि आयर्विन पुलाजवळच्या पातळीचे निरोप पुष्कळांना व्हॉट्सॲपवरूनच मिळतात, आणि साध्या केलेल्या पडद्यावर व्हॉट्सॲपचे चित्र ठेवलेले नसेल किंवा त्याच्या सूचना बंद असतील, तर ते निरोप कोणी पाहतच नाही. फोनच्या सुरक्षितता किंवा आणीबाणी या सदरात ‘इमर्जन्सी अलर्ट’ चालू आहेत याची खात्री करावी. हा इशारा नेटवाचूनही येतो आणि त्याचा आवाज मोठा असतो. तो ऐकून घाबरून फोन बंद करू नये, हे वडीलधाऱ्यांना आधीच समजावून ठेवावे. 112 हा क्रमांक पहिल्याच पडद्यावर असावा.

शेवटी पारखण्याची रीत. मुलाने गावी दोन दिवस अधिक राहावे आणि वडिलांना ज्या तीन-चार कामांसाठी फोन हवा आहे ती त्यांच्याच हातून, स्वतः फोनला स्पर्श न करता, आरंभापासून पावती मिळेपर्यंत करवून घ्यावीत: किराणा दुकानात छोटी रक्कम देणे, सुनेला व्हिडिओ कॉल लावणे, एक ओटीपी वाचून भरणे, आलेला फोटो मोठा करून पाहणे. जेथे ते अडतील तेथे मोड नव्हे, नेमकी ती एकच सोय बदलावी. आणि बदल केल्यावर पुन्हा तेच काम करवून पाहावे. पैशांच्या बाबतीत स्मार्टफोन झेपतच नसेल, तर बटणांच्या साध्या फोनवरून व्यवहार करण्याची ‘यूपीआय 123पे’ ही सोय मार्च 2022 पासून उपलब्ध आहे, आणि ती वापरण्यात कमीपणा काही नाही. फोनची प्रणाली किंवा बँकेचे ॲप अद्ययावत झाले की मांडणी बदलते, परवानग्या पुन्हा मागितल्या जातात, कधी मोठी केलेली अक्षरे पूर्ववत होतात; म्हणून अशा प्रत्येक बदलानंतर, आणि हयातीचा दाखला देण्याच्या महिनाभर आधी तर न चुकता, हीच पारख फिरून करावी. त्यासाठी गावी येणे शक्य नसेल तर शेजारच्या कॉलेजकुमाराला तेवढ्या कामाला घरी बोलवावे आणि आपण फोनवर सोबत राहावे.